खळीपुरती ज्वारी

नागपूरहून उमरेड अवघं तीस मैल. तिथून गाडीबैलानं येणाऱ्या पांढऱ्या ज्वारीवर सरकारनं नवा कर बसवला, आणि समुद्र ओलांडून बोटीनं आलेल्या लाल ज्वारीवरचा कर मात्र उठवला. स्वराज्य येऊन चार वर्षं झाली होती. हे शहाणपण कुठल्या साहेबाला सुचलं ते मला ठाऊक नाही, पण त्याच्या घरी हातमाग नक्कीच नव्हता.

आम्ही नागपूरचे विणकर. सूत मागावर घेण्याआधी उभ्या धाग्यांचा ताणा गल्लीत पसरून त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावावी लागते, नाहीतर धागा टिकत नाही. या खेपेला सहा पांढऱ्या लुगड्यांचं काम होतं. व्यापाऱ्यानं बजावलं होतं, अक्षय्य तृतीयेच्या आधी माल आला नाही तर तो यापुढे गिरणीचंच कापड घेणार.

मी कंट्रोलच्या दुकानात गेले. "पांढरी काहून नाही जी?"

"पांढरी आणणं कोणाले परवडते बाई?" दुकानदार ताराचंद म्हणाला. "लाल घ्या. अमेरिकेची हाय." स्वतःच पेरल्यासारखा बोलला.

माझे मालक मारोतराव पेपर वाचणारे. "पीठ ते पीठच. लावून तं पाहू," म्हणाले. मी नको नको म्हणत असताना लावलं. पांढरं सूत तांबूस पडलं आणि मागावर घेताच तटातट तुटायला लागलं. सगळा ताणा धुऊन काढावा लागला. दोन दिवस पाण्यात गेले.

घरात पांढरी ज्वारी नव्हती असं नाही. मडक्यात पायलीभर होती, पण ती माझ्या सासूची, मैनाबाईची. ती तापातून नुकतीच उठली होती. लाल ज्वारीची पेज तिच्या पोटात ठरत नव्हती, पांढरीचीच तेवढी पचायची. मारोतराव त्या मडक्याकडे पाहत बसले.

"तिकडं पाहूच नका," मी म्हटलं. "आई हाय तुमची."

"मी काही बोललो काय?" ते खेकसले. बोलले नव्हते खरे. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

सकाळी जात्याच्या आवाजानं मी उठले. सासू भिंतीला टेकून दळत होती. मडकं रिकामं.

"हे काय करून राहिल्या तुम्ही?" मी खुंटा धरला. तिनं माझा हात झटकला.

"माग थांबला तं तुम्ही काय खासान वं? मायं भागते कशावरही."

खळ उत्तम बसली. लुगडी वेळेत झाली. व्यापाऱ्यानं कापड बोटांत चुरगळून पाहिलं आणि खुशीत म्हणाला, "कडक हाय. पण एका धुण्यात नरम होईन पाहा." खरंच होतं ते. खळ लागते ती विणण्यापुरती. नेसणारीनं पहिल्यांदा धुतलं की ती सगळी निघून जाते.

घरी आले तर सासू लाल पेजेची वाटी घेऊन बसलेली. "पटलं काय वं त्याले?"

"पटलं."

तिनं दोन घोट घेतले आणि दोन्ही उलटून पडले. मी तिची पाठ चोळत राहिले. तिच्या तोंडची पांढरी पेज आता कोणाच्या तरी मोरीतून वाहून जाणार होती, आणि मला नुसता संताप येत होता.