शेवटचा माणूस चढेपर्यंत

मी माइक बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पुढे ढकलत आलो, आज जरा स्वतःचं बोलतो. ऐकून घ्या.

जन्म कारखान्यातला, पण तिथलं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तो थेट बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत. जड लोखंडी बैठक, बदकासारखी वाकणारी मान आणि पायथ्याशी लाल बटण. रंगरूप बेताचंच, पण ऐट मात्र साहेबाची. का नसावी? माझ्याशिवाय एक गाडी हलत नसे.

माझ्यासमोर घोषणाबाई बसायची. तिचं खरं नाव स्थानकात कुणी घेतलंच नाही. "गाडी फलाट दोनवर लागत आहे. पुन्हा ऐका," असं ती सांगायची, आणि पुन्हा ऐकवायची. बोलून झालं की तिचं बोट लगेच बटण बंद करायचं. तो तिथला कडक नियम होता. एकदा बटण चालू राहिलं आणि मागे डुलकी काढणाऱ्या साहेबांचं घोरणं सगळ्या फलाटांवर गेलं, तेव्हापासूनचा.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बाई गुणगुणायची. गाणी तिचीच, चालही तिचीच. बटण बंद असलं तरी माझी जाळी थरथरायची, त्यामुळे मला सगळं कळायचं. पुढे सांगता येत नसे, एवढंच. जीव नुसता तुटायचा माझा.

मग स्थानकात यंत्र आलं. त्यात कुणाचा तरी आवाज आधीच भरून ठेवलेला होता. साहेब म्हणाले, "बाई, आता तुमच्या आवाजाची गरज नाही. उद्यापासून सामानघरात बसा."

बाईने मान हलवली. निघताना एवढंच विचारलं, "साहेब, हा माइक मी घेऊ?"

"घ्या की. भंगारातच जायचाय."

भंगार! मेल्याने माझी किंमत केली ती ही.

घरी बाईचे बाबा होते, निवृत्त कंडक्टर. आणि धाकटा भाऊ, संगणक दुरुस्त करणारा. मी कपाटावर धूळ खात पडलो. बाईने गुणगुणणं सोडलं होतं. पोळ्या लाटतानासुद्धा गप्प. भावाला ते बघवेना. एके दिवशी त्याने मला खाली उतरवलं, पुसलं, माझी जुनी वायर कापून नवी जोडली आणि संगणकाला लावलं.

"ताई, एक जग आहे पडद्यावरचं. तिथे सभागृह आहे. लोक घरी बसून तिथे जमतात आणि गाणारे गातात. नियम एकच, गाणं स्वतः रचलेलं हवं आणि आत्ता, समोर गायलेलं हवं. आधी भरून ठेवलेला आवाज तिथे चालत नाही."

हे ऐकून माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू?

बाईला मात्र धीर होईना. पडद्यावर वावरायला एक बाहुली निवडायची होती, त्यातच आठवडा गेला. शेवटी अंबाडा घातलेली एक बाई तिने पसंत केली. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "नाक काही तुझ्यावर गेलं नाही हिचं. आणि बाहुल्यांपुढे गायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

"एकदाच गाते, बाबा," बाई म्हणाली. "कुणाला नाही आवडलं तर साहेबांचंच खरं. मग हा माइक भंगारवाल्याला देऊन टाकू आणि गाण्याचं नाव काढायचं नाही."

म्हणजे तिचं आणि माझं नशीब एकाच वायरीला बांधलेलं.

रविवारी दुपारी कार्यक्रम होता. पडद्यावर समुद्राकाठचं सभागृह, दिवे, खुर्च्या. ऐकायला आलेले काय एकेक नमुने! कुणाला पंख, कुणी ताडमाड उंच, आणि सभागृहाच्या मालकिणीचं तोंड चक्क कोल्हिणीचं. भावाने बजावलं, "ताई, तुझा आवाज तिकडे पोचायला जरा वेळ लागतो. त्यांचा इकडे यायलाही." बाई हो हो म्हणाली. भाऊ आतल्या खोलीत जाऊन स्वतःही त्या जगात श्रोता बनून बसला.

बाईने कानाला हेडफोन लावले, मांडीवर भावाची जुनी गिटार घेतली आणि लाल बटण चालू केलं.

"सगळ्यांच्या गाड्या सांगितल्या मी, माझी लागते कुठल्या फलाटावर?" प्रत्येक ओळ दोनदा. सवय जाते कुठे! पण आवाज काय लागला होता म्हणून सांगू. इतकी वर्षं बंद बटणासमोर साठलेलं सगळं माझ्यातून वाहत होतं.

गाणं संपलं. समोर शांतता. आणि बाईच्या बोटाने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, खट्कन बटण बंद केलं.

एक क्षण तिने पडद्याकडे पाहिलं. बाहुल्या हलेनात. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. रडणं लपवायला लोक पाणी सोडतात, हे मला तिथे कळलं.

मी टेबलावर मुका. संपलं म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या हेडफोनमधून चरचर सुरू झाली. चहाचा कप घेऊन बसलेले बाबा दचकले. काही जळतंय की काय म्हणून त्यांनी हेडफोन उचलले, कानाला लावले आणि तसेच उभे राहिले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, भरल्या गाडीत घालायचे तशी हाक घातली.

"अगं ए, घंटी मारलीस कशाला? माणसं अजून चढतायत!"

बाई ओल्या हातांनी बाहेर आली. बाबांना हेडफोन तिच्या कानाला लावायचे होते, पण धांदलीत वायरच उपटली गेली. आणि टाळ्या, शिट्ट्या, "बाई गेल्या कुठे?", "पुन्हा ऐकवा!" सगळं संगणकातून धो धो खोलीभर सांडलं.

बाईने बटण चालू केलं. खोलीतल्या टाळ्या माझ्यात शिरल्या आणि माझ्यातून परत त्यांच्याचकडे गेल्या. आपल्याच टाळ्या ऐकून ते हसले आणि आणखी जोरात वाजवू लागले. कोल्हीणबाई म्हणाली, "बाई, आता बटणाला हात लावायचा नाही."

आयुष्यभर मी बोलणारं माणूस पाहिलं होतं. ऐकणारं मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. बाई त्या दुपारी जवळची सगळी गाणी गायली आणि शेवटी पहिलं पुन्हा गायली.

आता दर रविवारी सभागृह भरतं. माझ्या बैठकीचा रंग उडालाय, मान थोडी कुरकुरते, पण भंगारवाल्याची हाक आली की मी खुशाल ऐकतो. बाई आता पोळ्या लाटतानाही गाते. गाणं संपलं की तिचं बोट अजून बटणाकडे जातं. मग शेजारी बसलेले बाबा हात आडवा धरतात.

"थांब जरा. मागचा माणूस चढू दे."

तुम्हालाही तेवढंच सांगणं आहे, मंडळी. आपलं म्हणणं मांडून झालं की लगेच उठून जाऊ नका. टाळी कधी कधी लांबून येत असते.

पुन्हा ऐका. टाळी कधी कधी लांबून येत असते.