मावशींचं वर्गमूळ

मावशींनी वही सरांच्या टेबलावर ठेवली, पण बसल्या नाहीत.

"सर, उद्या मी चाचणीला येत नाही. सांगून जावं म्हटलं."

बारा वर्षं इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या या बाईला संध्याकाळच्या वर्गातले सगळे मावशी म्हणत. दोन चाचण्या हातच्या गेल्या होत्या. उद्याचीही गेली की वर्गातून नाव कमी, दुसऱ्या कामाची वाट बंद, आणि जन्मभर त्याच चादरी.

सर थकले होते. बायको गेल्यानंतर पंधरा दिवसांत हे सत्र सुरू झालं होतं. तेव्हापासून ते फळ्यावर गणित मांडत आणि घंटा झाली की खडू ठेवून निघत. आताही "बरं" म्हणून मोकळं होता आलं असतं. केवळ सवयीने त्यांनी वही उघडली.

तीसचं वर्गमूळ. अंदाज पाच. तिसाला पाचाने भागून सहा. पाच आणि सहाची सरासरी हा नवा अंदाज, मग पुन्हा तेच. पुढे मात्र कागदाला खोडून खोडून भोक पडलं होतं.

"हे काय, उंदीर लागलाय का वहीला?"

"बेरीज चुकते हो. घाईत पाच नि सहा तेरा लिहिते. मग सगळं खोडते, पहिल्यापासून करते. तेवढ्यात वेळ संपतो."

"पहिल्यापासून कशाला?"

"अहो, चुकलं ना!"

सरांनी रिकामी खुर्ची पुढे ओढली. प्रत्येक सत्रात पहिल्याच दिवशी ते हे सांगत. या वेळी राहूनच गेलं होतं.

"बसा. तेराच धरा. अर्धे साडेसहा. चला पुढे."

"चुकीचंच?"

"चुकीचंच."

नाक मुरडत मावशी भागू लागल्या. ५.५५८ आलं. मग ५.४७८, मग ५.४७७. पुन्हा केलं, तरी ५.४७७.

"हेच उत्तर," सर म्हणाले. "दोन फेऱ्या जास्त लागल्या, एवढंच. अंदाजच तो, जरा वाईट होता. पुढच्या फेऱ्या त्याला ओढून आणतात. दोनदा सारखं आलं की थांबायचं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तीन महिने खोडरबर झिजवतेय मी!"

"चुकलं माझं."

मावशी काहीतरी लागट बोलणार होत्या. सरांच्या शर्टाची उसवलेली बाही बघून त्यांनी तोंड मिटलं.

"किती वाजता आहे उद्या?"

"सकाळी नऊला."

"रातपाळी सुटते साडेआठला. धावतच यावं लागेल."

"या. मी दारात थांबतो."