लाल ठिपक्याचे परिपत्रक

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी गोपनीयतेविषयी एक परिपत्रक काढले होते. एचआयव्हीची लागण झालेल्यांच्या फाइलींवर आजाराचे नाव लिहू नये, कायद्याने ते गुप्त आहे. सबब अशा फाइलीच्या कोपऱ्यात केवळ लाल ठिपका द्यावा. परिपत्रक सूचनाफलकावर लागले आणि ठिपक्याचा अर्थ स्वयंपाकघरापासून शवागाराच्या पहारेकऱ्यापर्यंत सर्वांना पाठ झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. येथे मूठ झाकून आत काय आहे याची पाटी बाहेर टांगली होती.

समुपदेशन कक्षातल्या बाईंनी दोनदा लेखी हरकत घेतली. दोन्ही अर्जांवर ‘नोंद घेतली’ असा शेरा आला. नोंद घेणे ही दुर्लक्ष करण्याची सर्वांत सुसंस्कृत पद्धत होय.

तीन आठवड्यांपूर्वी लेथवर काम करणाऱ्या एका कारागिराला त्यांनी त्याचा अहवाल सांगितला होता. बायकोला कळायलाच हवे, तिचीही तपासणी व्हायला हवी. सांगण्याचा पहिला हक्क त्याचा. ठरलेल्या मुदतीत त्याने सांगितले नाही, तर त्याला पूर्वसूचना देऊन डॉक्टर सांगतील. “माझ्याच तोंडून कळू दे तिला,” तो म्हणाला आणि मुदतीच्या शेवटच्या गुरुवारी तिला घेऊन येण्याचे कबूल करून गेला.

त्या आठवड्याच्या मंगळवारी सकाळी त्याचा थोरला भाऊ आला. तो याच रुग्णालयाच्या फाइलखोलीत कारकून होता.

“बाई, धाकट्याच्या फाइलीवर ठिपका आहे.”

“मग?”

“मग काय? खरं सांगा. मी सख्खा भाऊ त्याचा, बापाच्या जागी.”

“बापालाही सांगितलं नसतं.”

“ठीक आहे. आज संध्याकाळी मीच घालतो त्याच्या बायकोच्या कानावर. ठिपका काय खोटं बोलतो?”

‘हो’ म्हणावे तर कायदा मोडतो, ‘नाही’ म्हणावे तर खोटे पडते. गप्प राहावे, तर कारागिराच्या बायकोला आपल्या आयुष्याची बातमी जावेसमोर, मुलांसमोर, दिराच्या तोंडून कळणार. बाई गप्प राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यांनी दोन लाल मार्कर घेतले आणि कक्षातल्या आयाबरोबर फाइलखोली गाठली.

“बाई, नोकरी जाईल हो,” आया म्हणाली.

“तुमची नाही जाणार. मी सांगितलं म्हणून सांगा.”

“माझी कोण म्हणतंय? तुमची म्हणते मी. आणा तो दुसरा पेन, तुमचा हात हळू चालतो.”

सहाशे बारा फाइली. पडसे, मोतीबिंदू, बाळंतपणे, खुद्द अधीक्षकांचा रक्तदाब. एकही सुटली नाही.

तीन वाजता कारकून भर व्हरांड्यात ओरडत आला. “माझ्या फाइलीवर ठिपका? मला तर नुसती मूळव्याध आहे!”

रांगेतल्या वीस माणसांनी माना वळवल्या.

“मूळव्याधीचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आता धाकटीला काय सांगणार आहात? ठिपका तर अधीक्षकांनाही आहे.”

 संध्याकाळी घरी गेल्यावर कारकून सरळ आपल्या खोलीत जाऊन बसला.

बुधवारी खुलासा मागवण्यात आला. बाईंनी दोन वाक्ये लिहिली: ‘परिपत्रकानुसार गोपनीय फाइलींवर ठिपका द्यावयाचा आहे. कायद्यानुसार प्रत्येक रुग्णाची फाइल गोपनीय आहे.’ कायद्याचे इतके नेटके भाष्य मी जाडजूड ग्रंथांतही क्वचितच वाचले आहे, आणि ते ग्रंथ लिहिणाऱ्यांची नोकरी त्या वेळी पणाला लागलेली नव्हती.

गुरुवारी कारागीर बायकोला घेऊन आला. बाईंनी दार लावले, खुर्ची मागे सरकवली आणि त्याला बोलू दिले. तो अडखळत, टेबलाकडे पाहत बोलला. पण सगळे बोलला.

 बायको म्हणाली, “तीन आठवडे एकटाच घेऊन फिरत होतास? एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेतोस!”

त्याला हसू फुटले आणि पाठोपाठ रडू. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, बाईंकडे वळली.

“आणखी कोणाला ठाऊक आहे?”

“तुम्हा दोघांना, मला आणि डॉक्टरांना.”

“भावोजींना?”

“विचारायला आले होते. मी काही सांगितलं नाही.”

तिने मान हलवली, पदराने तोंड पुसले आणि हात टेबलावर ठेवला.

“घ्या रक्त. आणि माझं काय निघतं ते आधी मला सांगा. ह्याला मी सांगेन.”