गाडीखाली गेलेले चार आठवडे

मित्रांनो, जरा डावा हात पुढे करा. मूठ घट्ट आवळा, मनात तीनपर्यंत मोजा आणि सोडा. असं दहा-बारा वेळा करा. आता तळहात बघा. लालसर झाला ना? थोडा गरमही लागतोय ना? हाताने काम केलं, म्हणून तुमचं रक्त तिकडे धावत आलं. आता कल्पना करा, की त्या मुठीत एक लाल रबरी चेंडू आहे. तो चेंडू म्हणजे मी.

मी एक जुना चेंडू आहे. जुना म्हणजे फार वर्षांचा नाही, पण रबराला म्हातारपण लवकर येतं. माझा रंग विटला आहे, पोटावर साच्याची रेघ आहे आणि एका बाजूला ऑइलचा काळा डाग आहे. तो डाग कसा पडला, तीच माझी गोष्ट. सांगताना मला वाईट वाटतं, पण तुम्हाला सांगायलाच हवी.

एका पत्र्याच्या शेडमध्ये, गरम साच्यात माझा जन्म झाला. तिथून मी नारायण पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात आलो आणि इतर भावंडांबरोबर जाळीच्या पिशवीत लटकू लागलो. आपल्याला कोणीतरी मैदानावर नेईल, अशी माझी स्वप्नं होती. एक दिवस माऊली नावाचा तरुण आला आणि आम्हाला एकेक करून दाबून बघू लागला.

"अहो, चेंडू आहेत, आंबे नाहीत," दुकानदार म्हणाले. "दाबून काय बघताय?"

"दाबायलाच नेतोय," माऊली म्हणाला आणि त्याने आम्हा दोन डझनांना उचललं.

माऊली डायलिसिस केंद्रात काम करत होता. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत, त्यांचं रक्त तिथे यंत्रातून स्वच्छ करतात. तिथेच मला महिपती आबा भेटले. आबा मूळचे वाशीमकडचे. तीस वर्षं त्यांनी पुण्याच्या कारखान्यात लेथ चालवला होता. आता वारज्याला मुलाकडे राहत होते आणि आठवड्यातून तीनदा केंद्रात येत होते. त्यांच्या मानेत एक नळी बसवली होती, कारण रक्त बाहेर काढायला हातातल्या शिरा पुरेशा जाड नव्हत्या. ती नळी भिजली तर जंतू शिरण्याची भीती, म्हणून आबांना अंगावर पाणी घेता येत नव्हतं. जूनपासून ते ओल्या फडक्याने अंग पुसत होते.

गणपतीच्या आधी डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या मनगटाजवळ छोटं ऑपरेशन केलं आणि आतली एक धमनी एका शिरेला जोडली. टाके निघाल्यावर माऊलीने मला आबांच्या हातात ठेवलं. शेजारी त्यांची दहा वर्षांची नात उत्कर्षा उभी होती.

"तीस वर्ष लोखंड कापलं म्या," आबा म्हणाले. "आता लेकराचा बॉल दाबू काय?"

"लोखंड कापलंत, फार छान," माऊली म्हणाला. "आता आपण रबर दाबा. मला सांगा, गावाकडे पाटाचं पाणी बारक्या सरीत सोडलं की काय होतं?"

"सरी रुंद होते. नाई त फुटते."

"आपल्याला रुंद करायची आहे. धमनीचं जोरदार रक्त आता या शिरेत शिरतंय. मूठ आवळली, सोडली, की हाताला जास्त रक्त लागतं आणि या वाटेने प्रवाह वाढतो. शीर हळूहळू रुंद होते, तिची भिंत जाड होते. ती नीट भरली की इथेच सुई लावू आणि मानेतली नळी काढून टाकू."

"म्हंजे आंघोळ?"

"डोक्यावरून."

आबांचा चेहरा उजळला. "दिवाळीले?"

"डॉक्टर ठरवतील. पण चेंडू दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं." मग माऊली उत्कर्षाकडे वळला. "तू मुख्याध्यापिका. आबा हे विद्यार्थी. दांडी मारली तर मला सांगायचं."

ते पहिले दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. शाळेतून आली की उत्कर्षा दप्तर फेकून आबांसमोर बसायची आणि मोजायची. आबा मला आवळायचे, सोडायचे. त्यांची थंड बोटं माझ्यावरच हळूहळू गरम होत. मोजून झालं की उत्कर्षा त्यांच्या मनगटावर बोट ठेवायची. तिथे कातडीखाली बारीक थरथर जाणवायची.

"आबा, मांजर घुरघुरतंय आत!"

"अन् तू मांजरीची मावशी," आबा म्हणायचे.

संध्याकाळी डॉक्टरांच्या परवानगीने ते सोसायटीत दोन फेऱ्याही मारत. आपण पुष्कळ दिवस बसून राहिलो की स्नायू वाळतात, रक्त आळसावतं. आजारी माणसाचं तर जास्तच. आबांचे पाय पुन्हा चालायला शिकत होते आणि मी त्यांच्या खिशात फुगून बसलेला असे.

मग ती संध्याकाळ आली. खाली पार्किंगमध्ये लगोरी रंगली होती आणि मुलांचा चेंडू फुटला. उत्कर्षाने मला टेबलावरून उचललं. "फक्त पाच मिनिटं," ती पुटपुटली. खरं सांगू? मलाही आनंद झाला होता. दुकानातलं माझं स्वप्न पुरं होत होतं. मी लगोरी फोडली, उसळलो आणि घरंगळत एका निळ्या गाडीखाली गेलो.

त्या गाडीचा मालक परदेशात होता. चाकांतली हवा गेल्यामुळे गाडी इतकी खाली बसली होती, की तिच्याखाली कोणाला शिरता येईना आणि मुलांचा हात माझ्यापर्यंत पोचेना. उत्कर्षाने पट्टी घातली, काठी घातली. काठीने मी आणखीच आत गेलो, थेट ऑइलच्या थेंबाखाली. मग अंधार पडला आणि मुलं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आबा खाली येऊन वॉचमनच्या खुर्चीत बसले. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. मला त्यांच्या चपला दिसत होत्या.

"उत्कर्षा, बॉल कुठी ठेवला वं?"

"आबा... तो ना, काल तुम्ही सेंटरला गेलात तेव्हा तुमच्या पिशवीत ठेवला होता. तिथेच राहिला असेल. माऊलीदादांनी ठेवून घेतला असेल."

मी ओरडलो, "मी इथे आहे!" पण चेंडूचा आवाज कोणाला ऐकू येतो? आपणहून घरंगळायचं म्हटलं, तर जमीन सपाट होती.

त्यानंतर रोज मला आबांच्या चपला दिसत. वरच्या मजल्यावरचे श्यामसुंदर काका येऊन मायेने सांगत, "अहो, ऑपरेशनचा हात आहे. अजिबात हलवू नका. आणि फेऱ्या कसल्या मारताय या वयात? बसा निवांत." आबांनी हात उपरण्याच्या झोळीत ठेवला. दोन फेऱ्यांची एक झाली, मग एकही नाही. मी गाडीखाली पडून विचार करायचो, त्या मनगटातलं मांजर अजून घुरघुरत असेल का?

असे चार आठवडे गेले.

दिवाळीच्या दोन दिवस आधी पार्किंग धुवायला वॉचमनने त्या गाडीत हवा भरून ती ढकलली. मी उजेडात आलो. त्याने मला उत्कर्षाच्या हातात दिलं. मला वाटलं, आता ती धावत वर जाईल. पण तिने माझ्यावरचा डाग पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला दप्तराच्या तळाशी कोंबलं. त्याच दुपारी डॉक्टरांनी आबांचा हात तपासून सांगितलं होतं, की शीर अजून बारीक आहे, नळी काढता येणार नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी दप्तरातून सगळं ऐकलं. आबांच्या पत्नी सत्यशीला आजींनी दोन बादल्या पाणी तापवलं होतं. त्यांनी आबांच्या पायांना तेल चोळलं, उटणं लावलं आणि ओल्या टॉवेलने अंग पुसलं.

"सत्यशीला," आबा म्हणाले, "हे एवढं पानी आता कोनाले?"

"उत्कर्षाला घालते," आजी म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं?"

दरवर्षी उत्कर्षा आंघोळ करताना आरडाओरडा करते म्हणे. त्या दिवशी नुसता पाण्याचा आवाज येत होता.

दिवाळी संपली. सुट्टी होती म्हणून उत्कर्षा आबांबरोबर केंद्रात आली. तिने दप्तर सोबत का घेतलं, हे कोणीच विचारलं नाही. बाहेरच्या बाकावर आबा बसले होते. माऊली आला आणि त्याने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली.

"चेंडू चालू आहे ना?" त्याने नेहमीसारखं विचारलं.

"हो त," आबा म्हणाले. "रोज दाबतो. पोरगी दांडी मारू देत नाई."

उत्कर्षा त्यांच्याकडे बघतच राहिली. आबांना कधीच कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात माऊलीने चेंडूचं विचारलं असेल, तेव्हाच तिचं खोटं त्यांच्या लक्षात आलं असेल. आणि तिला कोणी बोलू नये म्हणून ते दर खेपेला "हो" म्हणत आले होते.

तिने दप्तर उघडलं आणि मला बाहेर काढलं.

"माऊलीदादा, आबा खोटं सांगतायत. माझ्यासाठी. हा चार आठवडे गाडीखाली होता. माझ्या हातून हरवला होता."

माऊलीने डाग पाहिला. "हा तर गॅरेजमध्ये नोकरीला होता वाटतं," तो म्हणाला. मग तो उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांसमोर. "हे बघ, सगळं चेंडूवर नसतं. कधी कधी खूप मेहनत करूनही शीर भरत नाही. पण शीर का वाढत नाही, म्हणून मी आणि डॉक्टर डोकं खाजवत होतो. खरं सांगितलं असतंस तर त्याच दिवशी दुसरा चेंडू दिला असता. आत कपाटात वीस पडलेत."

आबा मान खाली घालून म्हणाले, "तिचं एकटीचं नाई चुकलं. मले बी आळसच पाह्यजे होता."

मित्रांनो, कपाटात वीस चेंडू होते. एवढंच मला अजून टोचतं. कोणी दुष्ट नव्हतं. श्यामसुंदर काकांनी मायेने हात हलवू दिला नाही, आबांनी मायेने नातीला पाठीशी घातलं, आणि त्या सगळ्या मायेत एक शीर बारीकच राहिली. तुमच्या घरी कोणी असं आजारी असेल, तर डॉक्टरांना विचारा, किती चालायचं, किती हात हलवायचा. मग तेवढं त्यांच्याबरोबर बसून करवून घ्या. आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगून टाका.

उत्कर्षाने मला नळाखाली साबणाने घासलं आणि आबांच्या डाव्या हातात ठेवलं. त्यांची बोटं फार थंड होती. त्यांनी मला आवळलं.

पलीकडच्या बाकावर मथुराबाई बसल्या होत्या. त्यांच्या हातावरचे टाके नुकतेच निघाले होते. तो हात त्यांनी पदराखाली जपून ठेवला होता आणि पिशवीतून माझ्यासारखाच एक नवा चेंडू डोकावत होता, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. उत्कर्षाने डोळे पुसले. ती उठून त्यांच्याजवळ गेली, "आजी, बघू?" म्हणाली, आणि दातांनी ते वेष्टन फोडू लागली.