म्हातारे डास

तान्ह्या समर्थचा ताप एकदाचा उतरला आणि रोशनी डासांच्या प्रयोगशाळेत पुन्हा कामावर आली. दिनेशदादा दारातच हसत उभे होते.

"धुराच्या औषधाची तुझी चाचणी मीच उरकली गं. औषध लागलं की पटापट उताणे पडले सगळे! रिपोर्ट गेलासुद्धा."

"कुठले डास घेतलेत, दादा?"

"तुझ्याच पिंजऱ्यातले. जाताना साखरपाणी ठेवून गेली होतीस ना?"

रोशनीने मनात दिवस मोजले. ती रजेवर गेली तेव्हा ते डास नुकते कोषातून बाहेर पडले होते. ती बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली आणि इकडे ते म्हातारे झाले. औषध पचवायची ताकद वयाबरोबर ओसरते. म्हणून तर चाचणी कोवळ्यांवर घ्यायची. दादांनी माया केली, ती अशी.

तिने नव्या अळ्या वाढवल्या, कोवळे डास औषध लावलेल्या नळीत सोडले. दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे नळीला चिकटून मजेत बसलेले. एक तर पाय पुसत होता.

ती साहेबांकडे धावली.

"अहो, औषधाची पिंपं आली, गाड्या ठरल्या," साहेब म्हणाले. "आणि रोग पसरवतात ते म्हातारेच ना? तेच मरतायत. मग झालं तर!"

यातलं अर्धं खरं होतं, तिथंच ती अडली. आजाऱ्याला चावल्यावर डेंग्यू डासाच्या अंगात मुरायला बरेच दिवस लागतात. पण रोग आधी मुरतो, की ताकद आधी ओसरते? ते तिला ठाऊक नव्हतं. शोधायला सवड कोण देणार? शेजारच्या सविताची लेक डेंग्यूने दवाखान्यात होती.

संध्याकाळी धुराची गाडी मखमलाबादला तिच्याच गल्लीत शिरली. सासूबाईंनी फुलं ठेवायच्या बादल्यांतलं पाणी ओतून त्या उपड्या केल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि सविताला हाक मारली, "घाबरू नकोस गं! आमच्या सुनेनं पास केलेलं औषध हाय!"

"आई, नका ना..."

"लाजतीस काय?"

रोशनी समर्थला घेऊन मच्छरदाणीत शिरली. धूर विरला. जाळीवर बाहेरून एक डास येऊन बसला, पायांवर पांढरे पट्टे. कोवळा की म्हातारा, नुसतं बघून तिलाही कळेना.

तिने आतूनच जाळीवर टाळी मारली. डास उडाला. समर्थला वाटलं, आई खेळतेय. त्यानेही इवले हात एकमेकांवर आपटले आणि खुदकन हसला.

डास फिरून तिथंच बसला.