रंग वाळेपर्यंत

रंगाची इवलीशी बाटली तिने काउंटरवर उगाच उलटीपालटी केली आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"विमानांची ही मॉडेलं करायला बसलं, की किती वेळ जातो हो?"

"दोन तास. फार तर अडीच," दुकानदार म्हणाला. "दर रविवारी आमची मंडळी मागच्या खोलीत बसतात ना. मग मान आखडते, डोळे शिणतात. शिवाय रंग दिला की वाळेपर्यंत काय करणार? खोक्यात ठेवायचं नि घरी जायचं."

अडीच! आणि तिचा नवरा रविवारी जेवणाचा हात वाळायच्या आत निघायचा, तो अंधार पडल्यावर उगवायचा. वर पुन्हा, "बारीक काम असतं गं, तुला नाही कळायचं." इतक्या महिन्यांत घरी आलं काय, तर एक बिनचाकाचं विमान! बाकीचा वेळ कुठे मुरतो, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. हल्ली तो दाढीसुद्धा रविवारी जरा जास्तच निगुतीने करायचा. बहिणीने फोनवर बजावलं होतं, आधी डोळ्यांनी बघ, मग तोंड उघड. म्हणून तर ती आज संध्याकाळी इथे येऊन थडकली होती.

"आजची मंडळी गेली?"

"केव्हाच. एक जण आहेत अजून. ते नेहमीच थांबतात."

एकटा थांबतो म्हणे! काउंटरला वळसा घालून तिने मागचं दार धाडकन उघडलं.

लांबलचक टेबलावर रंगाने माखलेले जुने पेपर पसरले होते. नवरा एकटाच बसला होता, हात मांडीवर, समोर हिरवं विमान. तिने दारामागेही डोकावून घेतलं.

"तू? इकडे कशी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

"कोण असणार? सगळे गेले."

"मग तू काय करतोयस?"

"रंग वाळतोय. थांबावं लागतं."

तिचा जीव भांड्यात पडला. हसूच फुटलं तिला. काय बाई आपण, उगाच भलभलते इमले रचले! खुर्ची ओढून ती त्याच्याशेजारी बसली आणि कौतुकाने विमानाकडे हात नेला.

"हात नको लावूस! ठसा उमटेल."

पण तोवर बोट पंखावर टेकलं होतं. ठसा उमटला नाही. तिने दुसऱ्या पंखावरून बोट फिरवलं, मग शेपटीवरून. सगळं ठणठणीत कोरडं. रंगाचा वासही उरला नव्हता.

"कधी दिलास हा रंग?"

तो विमानाकडेच बघत राहिला.

"मागच्या रविवारी."

दुसरी कुणी बाई निघाली असती, तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. आता भांडायचं कुणाशी? तिने पर्स मांडीवर घेतली. बाहेर दुकानदार आवराआवर करत होता. घरी चल, असं म्हणायला तिची जीभ रेटेना.