एकेचाळीस दिवसांची ट्यूब

दिवाळीच्या साफसफाईत मी आई-पप्पांच्या पलंगाची फळी उचलली आणि खाली अख्खं दुकान निघालं. साबण साठ, शाम्पू अडतीस, अंगाला लावायची लोशन सत्तावीस, पावडरचे डबे तेवीस, लिपस्टिक पंधरा आणि कडुनिंबाच्या फेसवॉशच्या ट्यूब एकोणपन्नास. एकूण दोनशे बारा वस्तू, काही सुट्या, काही बंद खोक्यांत; खोक्यांतल्यांचा आकडा आणि मुदत वर छापलेली होती. स्वयंपाकघरात मात्र त्याच आठवड्याची किराणा यादी फ्रिजला लावलेली होती आणि तीत आईने लिहिलं होतं: अंगाचे साबण सहा, शाम्पू मोठा एक.

"आई, आपण ज्याच्यावर झोपतो तेच बाहेरून विकत आणतो?"

"ते विकायचंय," आई म्हणाली.

"कधी?"

"गिऱ्हाईक आलं की."

गिऱ्हाईक दीड वर्षात आलं नव्हतं. त्याआधी तीन वर्षं आई एका कंपनीचा माल घरोघरी विकायची. निळी पिशवी खांद्याला लावून आमच्या सिडकोतल्या गल्ल्या, मावशीकडे घोटी, माहेरी सायखेडा. कोणाची कातडी तेलकट, कोणाच्या टाचा भेगाळतात, कोणाला वासाने शिंका येतात, हे तिला तोंडपाठ होतं. मग एके दिवशी तिने पिशवी धुऊन वाळत घातली आणि त्यानंतर ती भाजीला वापरायला लागली. का, ते कोणी विचारलं नाही.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि अंबडच्या एका प्रयोगशाळेत निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने तपासते. आमच्याकडे तारीख आणि क्रमांक घातल्याशिवाय द्राक्षाचा एक मणीसुद्धा टेबलावर येत नाही. त्याच सवयीने मी पलंगाखालचा सगळा माल मुदतीच्या क्रमाने मांडला. सत्तावन्न वस्तूंची मुदत संपलेली होती. बाकीच्यांची संपत चालली होती.

आईशी तीन दिवस वाद झाला. पप्पा मध्ये पडले. "अगं, मलाच गिऱ्हाईक समज. कधीपासून घरात उभा आहे, कोणी विचारत नाही."

"तुम्हाला उधारीवर मिळणार नाही," आई म्हणाली, पण हसली. शेवटी तडजोड ठरली. सुटा माल वापरायचा, बंद खोक्यांना हात लावायचा नाही.

मग मी कामाला लागले. मुदत संपलेलं अंगाला लावायचं नाही हा पहिला नियम. त्या शाम्पूंनी स्वेटर, कंगवे आणि पायपुसणी धुतली. जुन्या लोशनने पप्पांच्या बुटांना चकाकी आणली. पावडर कॅरमबोर्डवर गेली आणि समोरच्या घरातले वाल्मीककाका रोज संध्याकाळी खेळायला येऊ लागले. मुदतीतलं सगळं बाथरूमच्या फळीवर ओळीने लागलं, सर्वांत आधी संपणारं पुढे. एक संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आईने स्वतः शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून ती दोनदा विसळून घेतली तेव्हा मला फार बरं वाटलं. नोव्हेंबर आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांच्या यादीत साबण, शाम्पू, क्रीम यांतलं काहीच नव्हतं. प्रयोगशाळेत डबा खाताना मी हे सगळ्यांना सांगायचे. कोणी पगारवाढ सांगावी तसं.

कुतूहल म्हणून मी वापरही मोजला. फेसवॉशची एक ट्यूब खोक्याबाहेर होती. ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, दहा वेळा तोंड धुतलं, पुन्हा ठेवली. सहा ग्रॅम कमी. म्हणजे एका वेळेला शून्य पूर्णांक सहा, दिवसातून दोनदा धुतलं तर एक पूर्णांक दोन. पन्नास ग्रॅमची ट्यूब एका माणसाला एकेचाळीस दिवस पुरते.

आणखीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी कोणाला सांगितली नाही. बंद खोकी नऊ होती. प्रत्येकावर कुरिअरची चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीवरची तारीख महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतली होती. नऊच्या नऊ. योगायोगाने असं घडण्याची शक्यता साधारण शंभर कोटींत एक. महिनाअखेरीला तिच्या कंपनीत टार्गेट मोजलं जायचं. कमी पडलेला माल आई स्वतःच विकत घेत होती. आकडा पुरा झाला की हॉटेलच्या हॉलमध्ये स्टेजवर तिचं नाव पुकारलं जायचं. एकदा मीही गेले होते. पहिल्या रांगेत उभी राहून शिट्टी वाजवली होती.

तेव्हा कळलं की आई खोकी का उघडू देत नाही. बंद होती तोवर तो विकायचा माल होता आणि आई विक्रेती होती. उघडली की तिला आधी स्वतःशीच कबूल करावं लागणार होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लताकाकू तिळगूळ घेऊन आल्या. आमच्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं. कॉलनीचं हळदीकुंकू दरवर्षी त्यांच्याकडे असतं.

"शुभांगी, यंदा काय लुटू गं? मागच्या साली मी चहाच्या गाळण्या दिल्या, तर बायका अजून नावं ठेवतात. तुझ्याकडे ते तोंड धुवायचं असायचं ना?"

आईने पदर सारखा केला. "फेसवॉश? किती हवेत?"

"पंचेचाळीस तरी. आहेत?"

"अठ्ठेचाळीस आहेत. बंद खोका. कडुनिंबाचा आहे, पुटकुळ्यांना उत्तम. तुमच्या सुनेला, पूजाला, नक्की मानवेल, तिच्या कपाळावर येतात ना?" आईचा आवाज एकदम बदलला होता. मोकळा, भरभर, ती माल विकायची तेव्हाचा. "खोबऱ्याच्या वासाचा त्रास होतो ना तुम्हाला? यात नाही तो."

"तुला अजून लक्षात आहे?" लताकाकू खूश झाल्या. "सगळा खोका माझा. रविवारी सकाळी पैसे देऊन नेते."

त्या गेल्यावर आई आरशासमोरून दोनदा उगीचच गेली. पप्पा म्हणाले, "आलं बाई गिऱ्हाईक."

मी मुदत पाहिली. फेब्रुवारीअखेर. हळदीकुंकू अठरा जानेवारीला. दुसऱ्या दिवसापासून वापर सुरू केला तर अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत एकेचाळीस दिवस. माझं मोजमाप आणि कॅलेंडर दिवसाला दिवस जुळत होतं. मी उड्या मारतच आईला सांगितलं. "बघ, वाया काहीच जात नाही! नियमानेही बरोबर आणि हिशेबानेही."

आईने कौतुकाने ऐकलं. मग ती उठली आणि भिंतीतल्या कपाटाचा खालचा खण तिने ओढला. मागच्या वर्षांची वाणं. सहा गाळण्या, चार प्लॅस्टिकच्या टोपल्या, साबणाच्या डब्या, दोन अत्तरं, सगळी जशीच्या तशी पिशवीत.

"वाणात आलेली वस्तू कधी कोणी लगेच उघडते का गं?" ती म्हणाली. "ती कपाटात जाते. पुढच्या सालात दुसरीला जाते. ती तिसरीला. माझी ट्यूब उघडेल तेव्हा तिची मुदत संपून दीड वर्ष झालेलं असेल, आणि एखाद्या पोरीचं तोंड भाजलं तर?"

माझ्या गणितात बायका दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ट्यूब उघडत होत्या, कारण मी तसं धरून चालले होते. कोणाच्या घरात काय होतं ते आईला माहीत होतं.

"मग?" पप्पांनी विचारलं.

"मग काय. मुदतीतला माल आहे, विकला तर कोणी विचारणार नाही." ती खण सरकवत म्हणाली. "पण तीन वर्षं मी एकीलाही शिळं दिलेलं नाही. तेवढंच तर कमावलं त्या धंद्यात."

तिने तिथूनच लताकाकूंना फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "अगं पण तीन दिवसांवर आलंय! आता मी काय लुटू, माझं डोकं?" दुसऱ्या दिवशी आई त्यांच्याबरोबर मेन रोडवर गेली आणि दोघींनी स्टीलच्या छोट्या डब्या आणल्या. लताकाकू जाताना कुरकुरल्या, येताना आईशी बोलल्याच नाहीत.

रविवारी संध्याकाळी आई निघाली तेव्हा तिच्या हातात तो खोका होता. मला म्हणाली, "चल. धरायला कोणीतरी पाहिजे."

लताकाकूंचा हॉल भरलेला होता. हळदीकुंकू लागत होतं, डब्या वाटल्या जात होत्या. आईला पाहून लताकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "या, शोरूमवाल्या! ऐनवेळी मला माल नाही म्हणाल्या आणि आता खोका मिरवत आल्यात."

दोघीचौघी हसल्या. आईने खोका टीपॉयवर ठेवला. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, ती आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल.

"लताताई, माल नाही असं नाही. विकायचा नव्हता," ती म्हणाली. "हा खोका माझ्याकडे दोन वर्षं पडून आहे. असे नऊ आहेत. ते मी कोणाला विकलेच नाहीत. मीच घेतले होते. स्टेजवर नाव पुकारावं म्हणून."

लताकाकूंनी हातातली डबी खाली ठेवली.

"तुम्ही सगळ्या तेव्हा म्हणायच्या, शुभांगीचा धंदा काय जोरात चाललाय. मी हो म्हणायची. तो जोर पलंगाखाली होता."

तिने खोक्याची चिकटपट्टी नखाने ओढून काढली. पहिली ट्यूब घेतली, झाकण फिरवलं आणि खालचा चंदेरी पापुद्रा सोलून टाकला.

"अगं, उघडलेलं वाण देतात का कुठं?" मागच्या ओळीतल्या लंकाबाई ओरडल्या.

"हे वाण नाय. वाण लताताईंचं, ते मिळालं तुम्हाला. हे उघडूनच देणार, म्हणजे कोणाला कपाटात ठेवता येणार नाय." घाईत तिच्या बोलण्यात सायखेडा आलं होतं. "उद्या सकाळपासून लावायचं. भिजलेल्या हरभऱ्याएवढं, दोन टायमाला. फेब्रुवारीच्या शेवटाला संपलं पाहिजे. माझ्या पोरीने मोजलंय, काट्यावर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शून्य पूर्णांक सहा ग्रॅम," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

मग ती एकेक ट्यूब उघडत गेली. प्रत्येकीच्या हातात देताना काहीतरी सांगत होती. तुझ्या डोळ्यांना जपून. तुला नको, तुझी कातडी कोरडी आहे, नवऱ्याला दे. पंधराव्या-विसाव्या ट्यूबपर्यंत तिच्या कानांचा लाल रंग गेलेला होता. त्या हॉटेलातल्या स्टेजवर मी तिला पाहिलं होतं. तिथे ती माइकवर अडखळत बोलली होती. इथे ती एकदाही अडखळली नाही. मला तेव्हा वाजवली होती तशीच शिट्टी वाजवावीशी वाटली, पण हळदीकुंकवात ते बरं दिसलं नसतं.

लताकाकूंनी सर्वांत शेवटी हात पुढे केला. "उघड बाई माझीही," त्या म्हणाल्या. "आणि दोन वर्षं एवढं ओझं एकटी घेऊन झोपलीस, आम्हाला एका शब्दाने सांगायचंस ना."

"तुम्ही गाळणी दिली असती," आई म्हणाली. लताकाकू आधी हसल्या, मग बाकीच्या.

घरी आल्यावर तिने उरलेली आठही खोकी स्वतः फोडली. मी नोंद करत गेले. बाथरूममधली फळी पुरेना म्हणून पप्पांनी दुसरी ठोकली.

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. लंकाबाई होत्या, हातात पोत्याएवढी पिशवी. त्यांच्या मागे लताकाकूंची सून पूजा, लग्नात आलेल्या मेकअपच्या तीन पेट्या घेऊन.

"शुभांगी, मी पण घरात बघितलं," लंकाबाई म्हणाल्या. "मुलगा दर दिवाळीला सेट पाठवतो, मी जपून ठेवते. यातलं काय लावू आणि काय टाकू, ते तूच सांग. मला बारीक अक्षर दिसत नाही."

आईने चष्मा लावला आणि पिशवी जमिनीवर ओतली. डबी उचलायची, तारीख वाचायची, झाकण उघडून वास घ्यायचा. "हे तोंडाला. हे फक्त पायांना. हे फेका, आंबलंय. पूजा, हा लाल तुला शोभेल, पण आधी उघडलेला गुलाबी संपव."

"आणि पुढच्या महिन्यात काय काय आणू?" पूजाने वही काढली.

आईने जमिनीवरच्या ढिगाकडे पाहिलं, मनात काहीतरी मोजलं, आणि ज्या आवाजात ती पूर्वी माल खपवायची त्याच आवाजात म्हणाली, "काहीच नाही. पार श्रावणापर्यंत."